बारा बरण्यांतली तुळशीची पाने

ठाण्याचे बोलणे आम्हांला स्वच्छ समजत होते. आमचे बोलणे ठाण्याला पोचत नव्हते. सकाळचे सात वाजले होते. कल्याणच्या यार्डात कापसाच्या गाठींनी भरलेली मालगाडी वाफ धरून उभी होती, आणि टेबलावरच्या तारयंत्राची सुई डावी-उजवीकडे झटके देत एकच प्रश्न विचारत होती: कल्याण, उत्तर का देत नाही?

मी उत्तर देतच होतो. यंत्राची मूठ फिरवून फिरवून मनगट दुखू लागले. आम्ही बोलतो तेव्हा आमचीही सुई हलायला हवी. ती नुसती थरथरत होती.

मी कल्याण स्टेशनावर सिग्नेलर आहे, म्हणजे लोक ज्याला तारमास्तर म्हणतात तो. पुढे गेलेली गाडी सुखरूप पोचली असे पुढच्या स्टेशनाने तारेने कळवल्याशिवाय आमचे स्टेशन मास्तर मागची गाडी सोडत नाहीत. आणि गाडी सोडण्याआधी वाट मोकळी आहे का हे पुढच्या स्टेशनाला विचारावे लागते, तेही तारेनेच. तार मुकी झाली की स्टेशनाचे हातपाय बांधले जातात.

आदल्या दुपारच्या ड्यूटीला जोकिम मास्तर होते. ठाण्याच्या चेंदणीकडचे, माझ्या दुप्पट वयाचे ख्रिस्ती गृहस्थ. त्यांनी चार्ज देताना वहीत चिठ्ठी ठेवली होती: "दुपारपासून ठाणे बहिरे. बहुधा ग्रहणाच्या अंघोळीला गेले असावे."

आदल्या दिवशी सूर्यग्रहण होते खरे. पण अंघोळीला इतका वेळ लागत नाही. आणि ज्याअर्थी ठाणे बोलत होते, त्याअर्थी ते अंघोळीला गेलेले नव्हते. दोष आमच्याकडेच होता. तार तुटली असती तर दोन्हीकडचे बोलणे बंद पडले असते. फक्त आमचेच बंद पडले, म्हणजे आमचे बोलणे पुढे ढकलणारी शक्ती कमी पडली. ती शक्ती बॅटरीतून येते. मी उठून बॅटरीच्या खोलीत गेलो.

वाचकांनी बॅटरी पाहिलेली नसेल म्हणून सांगतो. त्यात चाके नाहीत, कळा नाहीत. काचेच्या बरण्या असतात. तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे निळे खडे, वर पाणी, आणि त्या पाण्यात काठावरून टांगलेला जस्ताचा तुकडा. मोरचूद विरघळून तळाशी निळे पाणी जमते. जस्त झिजून वरच्या भागात क्षाराचे निर्मळ पाणी तयार होते. निळे खाली, निर्मळ वर. ही दोन पाणी एकमेकांत मिसळू दिली नाहीत की बरणी महिनोन्‌महिने काम करते. आमच्याकडे अशा बारा बरण्या ठाण्याच्या लाईनला होत्या, त्या खालच्या फळीवर. दुसऱ्या बारा कसाऱ्याच्या लाईनला, त्या वरच्या फळीवर.

त्यांची निगा राखायचे नियम तीन. बरणीवर पांढऱ्या रंगाची रेघ आहे, तिथवर पाणी हवे. उन्हाळ्यात ते आटते, मग तेवढीच भर घालायची. जस्तावर काळा गाळ साचता कामा नये. आणि तळाशी निळे खडे दिसले पाहिजेत. या तीन गोष्टी जागेवर असल्या की बॅटरी ठीक आहे असे समजावे, असे आमच्या छापील पुस्तकात लिहिले आहे.

मी बाराही बरण्या पाहिल्या. पाणी रेघेला टेकलेले. जस्त असे स्वच्छ की नवे वाटावे. तळाशी खडे, आणि त्यांच्यावर निळी झाक. इतक्या चांगल्या स्थितीत मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. खोलीत धोंडूबा झाडत होते. मी त्यांना म्हणालो, "बरण्या फार स्वच्छ आहेत हो."

"हां मास्तर," एवढेच म्हणून ते झाडत राहिले.

धोंडूबा हे आमचे बॅटरीवाले. खाडीकाठच्या गावचा आगरी माणूस, वय पन्नाशीपुढचे. बापाबरोबर मिठागरात राबले, मग रेल्वेत लागले, आणि मी जन्माला आलो त्याच सुमारास त्यांच्या हाती या बरण्या आल्या. कामगाराला अरेतुरे करू नये असे मी मानतो. म्हणून माझ्या तोंडी धोंडूबा आणि अहो-जाहो. एरवी ते गप्पिष्ट. त्या दिवशी ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि त्याचे कारण मला ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी मी त्या खोलीत शिरलो, तर बाराही बरण्यांत तुळशीचे एकेक पान तरंगत होते. मी विचारले, हे काय? धोंडूबा म्हणाले, "गिरान लागनार ना मास्तर. पानी बाटतां. तुलशीचां पान असलां म्हंजी नाय बाटत."

मी छापखान्याशेजारच्या घरात वाढलो. लहानपणी खाऊच्या पुड्या सोडवून त्या कागदांवरची सुधारकांची पत्रके वाचली, पुढे तशी लिहूही लागलो. धर्माच्या नावावर लोकांना भिववणाऱ्या साऱ्यांची चीड माझ्या हाडात आहे, आणि ती असावी असेच मला आजही वाटते. मी तिथेच उभा राहून सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि सावली यांवर व्याख्यान दिले. मग एकेक पान उचलून बाहेर टाकले. वरच्या फळीवरही पाने होती. स्टूल आणायला वळलो, तोच टेबलावर सुई वाजू लागली आणि मी धावलो. धोंडूबा सबंध वेळ डोक्याचे फडके काढून त्याची घडी घालत उभे होते. दुपारी फलाटावर बसून मी सर्वांदेखत केळी खाल्ली. आपण आज एक चांगले काम केले अशा समाधानात घरी गेलो.

तर त्या अपमानाने ते गप्प असतील, हे मला उघड दिसत होते. मी त्यात लक्ष घातले नाही. मला माझी लाईन हवी होती.

बरण्या ठीक, मग दोष कुठे? मी सुईचे यंत्र उघडले, पुसले, लावले. काही फरक नाही. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याकडे जाणारी तार तपासली. ती दोन्ही लाईनींना एकच आहे, आणि कसाऱ्याची लाईन तर झकास चालली होती. तरीही माती कोरडी पडली असेल म्हणून मी तिथे दोन घागरी पाणी ओतले. स्टेशन मास्तर दर पाच मिनिटांनी दारात येत.

"झाले का?"

"पाहतो आहे, साहेब."

"नुसते पाहू नका. ड्रायव्हर मला विचारतोय की कोळसा काय शोभेला जाळू."

दुपारी जोकिम मास्तर ड्यूटीवर आले. मी सांगत असलेले त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग खोलीत जाऊन ठाण्याच्या लाईनची तार खालच्या बारा बरण्यांवरून सोडवली आणि वरच्या बारांना जोडली. मी मूठ फिरवली. ठाण्याचे उत्तर लगेच आले: होतात कुठे?

"तुझ्या बारा बरण्या मेल्यात, सुधारक," जोकिम मास्तर म्हणाले. मला ते त्याच नावाने हाक मारतात.

"पण सगळे ठीक आहे. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळे आहे."

"मेलेला माणूसही धुऊनपुसून ठेवला की बरा दिसतो."

आता ठाणे बोलू लागले तर कसारा मुका झाला. एका बॅटरीवर दोन लाईनी चालवायच्या म्हणून आम्ही आळीपाळीने तार इकडून तिकडे जोडत बसलो. दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या. संध्याकाळी मुंबईहून निरोप आला: तार खात्याचे इन्स्पेक्टर परवा येतील, तोवर ज्याच्या हलगर्जीने हे झाले त्याचे नाव काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या बरण्यांत मोरचुदाचे नवे खडे हलकेच सोडले. दुपारपर्यंत काही नाही. चारच्या सुमारास सुई जरा जास्त हलली. संध्याकाळी ठाण्याला आमचे बोलणे तुटक तुटक समजू लागले. मला आनंद झाला आणि डोके आणखीच फिरले. नवा मोरचूद घातला आणि शक्ती आली, म्हणजे जुना मोरचूद कमी होता. पण खडे तर दिसत होते. दिसत होते, पण पुरे नव्हते की काय? मग उरलेले गेले कुठे? आणि वरच्या फळीवरचे कसे नाही गेले? याचे उत्तर मीच मला दिले: वरची फळी उंच आहे. खालची हाताशी आहे.

त्याच संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हा माल उतरवायच्या धक्क्याजवळ धोंडूबांची बैलगाडी उभी होती. डाव्या बैलाचा खूर निळा होता.

मोरचूद हे जनावराच्या सडलेल्या खुरावरचे औषध आहे, हे कल्याणात कोणालाही ठाऊक आहे. मी थांबून तो खूर नीट पाहिला. मला फार वाईट वाटले, असे आज लिहिता आले असते तर बरे झाले असते. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. दोन दिवस जे काही केल्या जुळत नव्हते ते जुळले.

मी परत ऑफिसात जाऊन रिपोर्ट लिहिला. चांगला लिहिला. कंपनीचा माल हा प्रवाशांच्या जिवाचा पहारेकरी आहे, आणि तो चोरणारा माणूस गरीब असला म्हणून न्यायाने डोळे मिटू नयेत, अशी त्यात वाक्ये होती. रिपोर्टात मी 'धोंडूबा' लिहिले नाही. 'धोंडू, बॅटरीवाला' असे लिहिले. असा रिपोर्ट गेला की माणूस त्याच दिवशी कामावरून जातो, आणि पुढे रेल्वेत कुठेही त्याला कोणी उभे करत नाही. हे लिहिताना मला ठाऊक होते.

जोकिम मास्तरांनी तो वाचला. विचारले, "त्याला विचारलंस?"

"चोर कबूल करतो का?"

"मी तुला विचारलं, त्याला विचारलंस का."

"तो माझ्याशी बोलत नाही."

"तू बोलतोस का त्याच्याशी? सांगतोस. बोलत नाहीस."

मी रिपोर्ट स्टेशन मास्तरांच्या हाती दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर आले. जाडजूड पारशी गृहस्थ, काळी टोपी, हातात चामड्याची पेटी. त्यांनी रिपोर्ट वाचला, खिशात ठेवला, आणि पहिला प्रश्न केला की बॅटरीची खोली कुठे. आम्ही सारे मागून गेलो. धोंडूबा दाराशी उभे होते. रिपोर्टाची कुणकुण त्यांना लागली असावी. त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता.

इन्स्पेक्टरांनी पेटीतून काचेचा एक लहान पोकळ मणी काढला. वरच्या फळीवरच्या बरणीत त्यांनी तो सोडला. मणी वर तरंगला. मग खालच्या बरणीत सोडला. मणी बुडाला. दुसऱ्या बरणीत सोडला, बुडाला. बाराही बरण्यांत बुडाला.

हा मणी पाणी जड आहे की हलके ते सांगतो. क्षाराच्या जड पाण्यात तो तरंगतो, साध्या पाण्यात बुडतो. हे मला पुस्तकातून माहीत होते. मणी मात्र आमच्या स्टेशनाला कधी मिळाला नव्हता.

"मोरचूद कोणी चोरला नाय," इन्स्पेक्टर म्हणाले. "खडे भरपूर हाय. वरचा पाणी गेला. हे तर विहिरीचा पाणी हाय, मास्तर. पिऊन टाक. शक्ती त्या क्षारात असते, साध्या पाण्यातून ती जाईल कशी? तीन दिवसांत जस्त झिजून थोडा क्षार परत झाला, म्हणून तुझी सुई जरा हलली. तुझ्या नव्या खड्यांनी काय नाय केला."

मग ते दाराकडे वळले. "बाबा, ह्यातला पाणी कोणी काढला?"

"मी," धोंडूबा म्हणाले.

इतके साधे होते ते. दोन दिवस आम्ही यंत्रे उघडली, तारा बदलल्या, आणि हा एक शब्द दहा पावलांवर झाडू घेऊन उभा होता.

"कधी?"

"गिरान सुटल्यावर. घरचा समदा पानी टाकतात, मडकी घासतात, नवा भरतात. तसाच हिथला टाकला. जस्त बी घासला. निला पानी वाया कशाला घालवाचा, म्हनून लोटा भरून नेला, बैलाच्या खुराव वतला."

"आणि वरच्या फळीचा?"

"त्यांच्यात पान होतां. त्यांना इटाल नाय."

"पयल्या गिराणांना काय करायचा?"

"समद्यांत पान घालाचां. येक थेंब कदी टाकला नाय, शेट. इतकी वरसा."

इन्स्पेक्टरांनी टोपी काढून कपाळ पुसले. "मग या वेळी खाली पान का नाय घातला?"

धोंडूबांनी माझ्याकडे पाहिले नाही. डोक्याचे फडके काढले आणि घडी घालू लागले. म्हणाले, "घातलावतां. वाऱ्यान उडून गेलां आसल."

त्या खोलीला खिडकी नाही.

इन्स्पेक्टरांनी चारही भिंतींवरून नजर फिरवली. जोकिम मास्तर छताकडे पाहू लागले. माझा रिपोर्ट इन्स्पेक्टरांच्या खिशातून अर्धा बाहेर दिसत होता. धोंडूबांना तो वाचता येत नव्हता, पण तो कोणी लिहिला आणि कोणावर लिहिला हे त्यांना कळले होते, याबद्दल मला शंका नाही. आणि तरीही त्यांनी वारा आणला.

"पाने मी काढली," मी म्हणालो.

"कशाला?"

सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि सावली हे सारे माझ्या तोंडाशी आले. मी म्हणालो, "मला वाटले, ती तिथे उगाच आहेत."

इन्स्पेक्टरांनी रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. "अक्षर सुंदर हाय तुझा. आता दुसरा लिही. त्यात नाव बदल."

मी लिहिला. तो अर्ध्या पानात संपला. न्यायाबद्दल त्यात काही लिहायची गरज पडली नाही. माझ्या नावावर लेखी ताकीद लागली, ती आजही आहे. धोंडूबांना कोणी काही बोलले नाही. दुरुस्ती तर तासाभराचीच होती. वरच्या बरण्यांतले निर्मळ पाणी थोडे थोडे काढून इन्स्पेक्टरांनी खालच्या बरण्यांत घातले, खालचे साधे पाणी तेवढेच वरच्या बरण्यांत भरले, आणि दुपारच्या आत ठाण्याला आमचे बोलणे पूर्वीसारखे जाऊ लागले.

जाताना त्यांनी हुकूम दिला: पुढच्या ग्रहणाला चोवीसही बरण्यांत पान घालावे आणि तारमास्तरांनी हात लावू नये. मी याला हरकत घेतली. चूक माझी होती, पण म्हणून कंपनीच्या हुकमाने तुळस घालणे मला मान्य नव्हते. इन्स्पेक्टर म्हणाले, मग तू दुसरा काय करणार ते कर, पण माझी बॅटरी चालली पाहिजे. आणि गाडीत बसले.

दुसरे काय करणार, हे मलाच माहीत नव्हते. दोन दिवस मी विचार करत राहिलो. व्याख्यान देऊन झाले होते. शेवटी मी बॅटरीच्या खोलीत धोंडूबांशेजारी जमिनीवर बसलो आणि आधी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखे केले. मग मी ग्रहणाचे नावही न काढता नुसते बरणीत काय होते ते सांगितले. खाली निळे का राहते, वर निर्मळ का राहते, ते क्षाराचे पाणी तयार व्हायला किती दिवस लागतात, बरणी हलवली की का बिघडते. इतकी वर्षे त्यांनी त्या बरण्या सांभाळल्या होत्या. पण कोणी त्यांना हे सांगितले नव्हते. मीसुद्धा नाही.

त्यांनी विचारले, "म्हंजी ह्यो पानी नाय?"

"पाण्यासारखे दिसते. पण नाही."

"मुरतां."

"हो. मुरते."

"हालवाचा नाय. वरचेवर उपसाचा नाय."

"नाही."

ते माझ्याकडे वळले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. "आवो मास्तर, मंग ह्यां लोनचां हाय. लोनच्याची बरनी गिरानात कोन टाकतां? मुरलेल्या जिनसाला इटाल नाय. आदी बोलायचां ना."

मला त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. विटाळ मुरलेल्यालाही नसतो आणि न मुरलेल्यालाही नसतो, हे तर होतेच. पण त्या वेळी मी गप्प बसलो.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. मधे आणखी एक सूर्यग्रहण येऊन गेले. त्या दुपारी बाहेर रस्त्यावर 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी चालली असताना मी मुद्दाम बॅटरीच्या खोलीत गेलो. चोवीसांपैकी एकाही बरणीत पान नव्हते. ग्रहण सुटले तरी एका बरणीलाही कोणी हात लावला नाही, आणि ठाणे व कसारा दोन्हीकडचे बोलणे बिनतक्रार चालू राहिले. डोंबिवलीच्या नव्या स्टेशनावर तारेचे काम निघाले तेव्हा तिथल्या बॅटरीवाल्याला शिकवायला धोंडूबांनाच पाठवले. त्यांनी त्याला काय शिकवले ते मला जोकिम मास्तरांकडून कळले. पहिले वाक्य होते: ओला हात घालायचा नाही, लोणचे आहे.

पत्रके मी अजूनही लिहितो. त्यांतली मते बदललेली नाहीत. फक्त कोणाच्या वस्तूला हात घालण्याआधी ती तिथे का ठेवली आहे ते विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो. बॅटरीच्या पुस्तकात तीन नियम आहेत. मी माझ्या प्रतीत चौथा शाईने लिहून ठेवला आहे: बरण्या पाहून झाल्यावर बॅटरीवाल्याला विचारावे.

त्या ग्रहणाच्या दुपारी खोलीबाहेरच्या प्यायच्या माठात मात्र तुळशीचे पान होते. मी झाकण काढले तेव्हा धोंडूबा फडक्याला हात घालून पाहत उभे होते. मी पान एका बाजूला सारले, पेला बुडवला, आणि पाणी प्यालो. पान तिथेच राहू दिले.